साहेबाच्या वडिलांची माशी

मी साहेबाच्या टेबलावरची माशी वर्तमानपत्राने मारली. ती त्याच्या वडिलांची होती.

ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्या तऱ्हांनी सांगून पाहिली आहे, पण कुठूनही सुरू केली तरी गाढव मीच ठरतो. तेव्हा इथूनच सुरू केलेली बरी.

युद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. कुवेतच्या दक्षिणेकडच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मी पाण्याचा केमिस्ट होतो. बॉयलरला जाणारं पाणी आम्लाकडे झुकू नये, अल्कलीकडेही फार झुकू नये, यावर नजर ठेवायची. दिवसातून चार वेळा पाणी तपासायचं, पीएचचा आकडा लिहायचा, खाली सही ठोकायची. नाशिकला आई अभिमानाने सांगायची, "आमचा तिकडे पाणी बघतो," आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की पोरगा वाळवंटात जाऊन पाणाड्या झाला.

साहेब म्हणजे आमच्या इन्स्पेक्शन विभागाचा प्रमुख. आयर्लंडचा. त्याला कुणी चुकून इंग्रज म्हटलं की तो चष्मा काढून पुसायला लागायचा, आणि पुसून होईपर्यंत समोरच्याला उभं ठेवायचा. साठीला टेकलेला, बायको कधीच वारलेली, रुमैथियात एका फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. तरुणपणी एका पाइपच्या जोडात हात सापडल्यामुळे त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली होती. पण नजर अशी, की वेल्डिंगमधली केसाएवढी भेग त्याला दहा फुटांवरून दिसायची.

त्या दिवशी मी रिपोर्ट द्यायला त्याच्या केबिनमध्ये गेलो. साहेब खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. टेबलावर एका पांढऱ्या कागदाच्या मधोमध एक गलेलठ्ठ, केसाळ, सोनेरी माशी बसली होती. मार्च महिना. मार्चमध्ये तिकडे माश्यांचा काय उच्छाद असतो, ते तिथे राहिलेल्याला सांगायला नको. मला वाटलं, साहेबाची सेवा करायची संधी आहे. कोपऱ्यातला पेपर उचलला, घट्ट सुरळी केली आणि असा सणसणीत फटका दिला की फोनच्या पलीकडचा माणूसही दचकला असणार.

"मेली!" मी चक्क मराठीत ओरडलो.

पेपर उचलला तर माशीही पेपराबरोबर वर आली. तिला एक गळ होता आणि तो पेपरात रुतला होता. मी झटकला, सुटेना. मग ओढला. तशी आधी एक निळं पीस पडलं, मग एक तपकिरी पीस, मग दोऱ्याचं भेंडोळं, मग चिमूटभर सोनेरी लव, आणि शेवटी माझ्या हातात नुसता लोखंडी गळ उरला.

साहेबाने फोन ठेवला. चष्मा काढला. पुसायला लागला.

"माझ्या वडिलांनी बांधलेली शेवटची माशी होती ती," तो म्हणाला.

मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं, आणि ते इतक्या शांतपणे, की त्यापेक्षा त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या देशात ट्राउट आणि सामन नावाचे मासे धरायला आमिष म्हणून किडा लावत नाहीत. गळावर पिसं आणि लोकर बांधून किड्यासारखं काहीतरी करतात. त्याला माशीच म्हणतात. ही पाण्याखाली बुडून पोहणाऱ्यांपैकी. त्याचे वडील हिवाळाभर माश्या बांधायचे आणि उन्हाळाभर वाटून टाकायचे. आदल्या हिवाळ्यात ते गेले. मागे राहिली ती त्यांच्या टोपीत टोचलेली एकच माशी. बहिणीने ती पाकिटात घालून पाठवली होती. मे महिन्यात साहेब रजेवर जाणार होता. तिकडे वडिलांची होडी विकायला काढली होती, महिनाअखेरीला ती दुसऱ्याच्या हाती जाणार होती. त्याआधी एकदा त्यांच्या होडीत बसून, त्यांच्या तळ्यात, त्यांच्या माशीने एक मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"मी दुसरी करून देतो," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजही माहीत नाही. आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही. बाजारात मासळीची गल्ली आली की मी श्वास धरून चालतो. पण शरमेने माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

साहेबाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला एखाद्या संशयास्पद वेल्डसारखं न्याहाळलं. "मला बांधता येत नाही," तो ताठ बोटं दाखवत म्हणाला. "पण चाळीस वर्षं शेजारी बसून पाहिलंय. चुकलं कुठे ते सांगू शकेन."

म्हणजे मास्तराला करता येत नव्हतं आणि विद्यार्थ्याला कळत नव्हतं. हातात सात आठवडे होते.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, साहेब आमच्या महबूल्याच्या फ्लॅटवर वडिलांची लाकडी पेटी घेऊन आला. बहिणीने ती कधीच पाठवली होती, पण त्याने उघडली नव्हती. आत गळ धरायचा इवलासा शिकंजा, म्हणजे व्हाइस, गळांची पाकिटं, मेणाचा गोळा, कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं, कुठल्याशा पक्ष्याची निळी पिसं. सोनेरी लवेचा डबा उघडला तर त्यात कसर लागलेली. सगळी लोकर खाऊन किड्यांनी फक्त भुसा ठेवला होता. मी फोडलेल्या माशीची चिमूटभर लव साहेबाने पाकिटात जपून ठेवली होती, तोच आता आमचा एकमेव नमुना.

"सीलची लव आहे ती," साहेब म्हणाला. "सील, समुद्रातला प्राणी."

माझ्या बायकोने चहाचा ट्रे ठेवता ठेवता मला मराठीत विचारलं, "अहो, हे मिळतं का फहाहीलच्या बाजारात?"

तिला काय सांगणार. मग मी खालच्या मजल्यावरच्या चाचांना वर बोलावलं. चाचा रत्नागिरीचे. कुवेत शहराच्या जुन्या बाजारात त्यांचं शिंप्यांच्या सामानाचं दुकान होतं, दोरे, बटणं, अस्तरं, जर. तीस वर्षं त्यांनी कुवेतात काढली होती आणि त्यांना मिळत नाही अशी वस्तू मला तोवर माहीत नव्हती. त्यांनी लवेचा नमुना बोटांत धरून चुरडला, वास घेतला आणि म्हणाले, "बोकडाचं पिल्लू. त्याच्या मानेखालचे केस आस्सेच चमकतात. शुक्रवारच्या बाजारात माझा एक वळखीचा हाय."

मग त्यांनी व्हाइसकडे, पिसांकडे, साहेबाकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मलाही ते साहेबच म्हणायचे.

"साहेब, तुमच्या घरात मासा शिजत नाय, आनि माशाच्या जेवनाची तयारी चाललीय व्हय?"

मी इंजिनियरांच्या संगतीत वाढलेला माणूस. पहिली गोष्ट काय केली, तर ड्रॉइंग काढलं. मोठ्या कागदावर, मापं घालून. पुढून, बाजूने, वरून. साहेबाने ते हातभर लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "यात मासा कुठून बघतोय?"

मासा खालून बघतो. ती बाजू मी काढलीच नव्हती.

बांधायची रीत सांगायला सोपी आहे. गळ व्हाइसमध्ये आडवा धरायचा. मेण लावलेला रेशमी दोरा डोळ्यापासून, म्हणजे जिथे मासे धरायची दोरी ओवतात त्या भोकापासून, मागे गुंडाळत न्यायचा. मागे शेपटीचे चार केस बांधायचे, तिथेच जरीचा एक धागा अडकवायचा. मग दोऱ्यावर लव चढवून तिचं अंग करायचं. वर तपकिरी पीस गोल फिरवायचं, त्यावरून जरीचे वेढे घेऊन ते पक्कं करायचं. पुढे गळ्याशी निळं पीस. मग बारीक डोकं, गाठ, आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर वॉर्निशचा ठिपका.

पहिल्या माशीत मी डोक्याला जागाच ठेवली नाही. गळाची लांबी पूर्ण वापरली, वाया का घालवा! निळं पीस सरळ डोळ्यावर चढलं.

"डोळा मोकळा ठेव," साहेब म्हणाला.

दुसरीतही तेच. तिसरीतही. सात आठवड्यांत साहेबाने मला सगळ्यांत जास्त वेळा सांगितलेलं वाक्य हेच. डोळा मोकळा ठेव. हे वाक्य वाचकांनीही लक्षात ठेवावं, कारण मी ठेवलं नाही.

डोक्याचं जमायला लागलं तर अंगाचं जमेना. दोऱ्यावर लव चढवायची म्हणजे चिमटीत धरून दोऱ्याभोवती वळायची. माझी एक तर झडून मांडीवर पडायची, नाहीतर तिचं रताळं व्हायचं. साहेब प्रत्येक रताळं साहेबी शांतपणाने ब्लेडने कापून काढायचा, गळ मोकळा करायचा आणि परत व्हाइसमध्ये लावायचा.

तिसऱ्या शुक्रवारी बायको शेजारच्या सोफ्यावर बसून वाती करत होती. महबूल्यात आमच्या बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं होती आणि चारही घरांच्या वाती तीच करायची. हातात कापूस, समोर वाटीत दोन थेंब दूध, आणि नजर माझ्या रताळ्यावर.

"किती घेताय ते?" तिने शेवटी विचारलंच.

"जेवढी लागते तेवढी."

"त्याचा दहावा भाग घ्या."

"दिसणारही नाही."

"दिसू नयेच. आणि असं पुढेमागे काय करताय, पोळपाटावर लाटणं फिरवल्यासारखं? एकाच बाजूला वळायचं. पुढे गेलेलं मागे आणलंत की सगळं उलगडलं. वीस वर्षं देवाजवळ बसताय, समोरच्या निरांजनातली वात एकदा तरी बघितलीत का?"

तिने उठून माझ्या चिमटीतली लव काढून घेतली, तिच्यातले जेमतेम वीस-पंचवीस केस वेगळे केले, बोट जरा ओलं केलं आणि दोऱ्यावर एकदाच वळलं. लव दोऱ्याला अशी बसली जशी जन्मतः तिथेच उगवली होती.

साहेब खुर्चीतून उठला. मी त्याला कधी कुणासाठी उठताना पाहिलं नव्हतं, कंपनीच्या मोठ्या साहेबासाठीसुद्धा नाही. "माझे वडील असंच करायचे," तो म्हणाला. "थुंकी लावून."

"दूध बरं," बायको मराठीत म्हणाली. मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

मी म्हटलं, मग तूच बांध ना. तिने साफ नकार दिला. "मारली कोणी? तुम्ही. मग जिवंतही तुम्हीच करा." त्यानंतरच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी वाती वळल्या. शंभर-शंभर. बिल्डिंगमधल्या चार मराठी घरांतल्या देवांनी त्या एप्रिलमध्ये माझ्या हातच्या वाती जाळल्या. पहिल्या पहिल्या वाती भुरुभुरु जळून विझायच्या आणि समोरच्या वहिनी निरोप पाठवायच्या, की यांना माशीच करू द्या. पण शेवटी बोटं शिकली. चौथ्या शुक्रवारी माझ्या माशीला कंबर आली. साहेबाने ब्लेड उचललं, थांबला, आणि परत खाली ठेवलं. मला केमिस्ट्रीची परीक्षा पास झाल्यावरही एवढं वाटलं नव्हतं.

आता राहिला रंग. चाचांनी आणलेले बोकडाचे केस पांढरेशुभ्र होते आणि नमुना होता शेवाळी सोनेरी. सोनेरी म्हटल्यावर मराठी माणसाला काय सुचणार? हळद. मी पातेल्यात हळद उकळली, केस घातले, बायकोने सुचवल्याप्रमाणे रंग पक्का व्हायला तुरटीचा खडा टाकला. केस झक्क पिवळे झाले. पण त्यांना बोकडाचा वास होता. तो घालवायला मी ते कपडे धुवायच्या पावडरीत बुडवले.

क्षणात सगळे केस लालभडक.

मी बेसिनसमोर उभा. हातात रक्त लागल्यासारखे केस. बायको मागून आली, तिने डोकावून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "कुंकू केलंत का?"

आता बघा. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हळद अल्कलीत लाल होते आणि आम्लात पिवळी, हे मी स्वतः कारखान्यात नव्या लोकांना पीएच शिकवताना पहिल्या दिवशी सांगायचो. हळदीच्या कागदाचं प्रात्यक्षिकसुद्धा करून दाखवायचो. आणि पगार कशाचा घेत होतो? पाणी अल्कलीकडे झुकू नये याचा!

तेवढ्यात चाचा आले. ते आले की त्यांना लिंबू पिळलेली सुलेमानी लागायची, बिनदुधाची, काचेच्या छोट्या पेल्यात. मी त्यांच्यासमोर बसून माझं दुःख सांगत होतो, आणि सांगता सांगता लाल केसांचा पुंजका हवेत नाचवत होतो. तो निसटला आणि थेट चाचांच्या पेल्यात पडला.

"माझी चाय!" चाचा म्हणाले.

मी बघत राहिलो. लिंबाच्या चहात लाल केस पिवळे होत होते. आणि नुसते पिवळे नाही. मी खुळ्यासारखा पेल्याकडे बघत बसलो, चाचा दुसरा चहा मागून घेऊन पिऊन गेले, आणि त्या पेल्यातला पिवळा रंग हळूहळू चहा पिऊन गडद होत गेला. तासाभराने पुंजका काढला तेव्हा तो शेवाळी सोनेरी होता.

शुक्रवारी चहाची सगळी हकिकत ऐकून साहेबाने नमुन्याच्या शेजारी माझे केस ठेवले, दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकला. रंग ओला करूनच बघायचा असतो, मासा कोरडा कधी बघतो? खिडकीपाशी नेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तुझा चहा कुठला?"

"का?"

"आमच्या तळ्याचं पाणी अगदी याच रंगाचं आहे. वर डोंगरात दलदल आहे, तिच्यातून उतरतं. बिनदुधाच्या चहासारखं."

तेव्हापासून आमच्या माश्यांची परीक्षा सुलेमानीच्या पेल्यात व्हायला लागली. दोऱ्याला बांधून माशी चहात सोडायची, इकडून तिकडे फिरवायची, आणि साहेब डोळे बारीक करून खालून बघायचा. चाचा आमच्याकडे चहा घेताना आता आधी पेल्यात बोट घालून ढवळून पाहायचे. "माशी पडलेली चाय मी रत्नांग्रीलाबी प्यालो," ते म्हणायचे, "पर तिथं ती आपल्या पायानं पडायची."

सहाव्या शुक्रवारी मी माझी सर्वोत्तम माशी बांधली. वेढे सगळे सारख्या अंतरावर. अंग गुळगुळीत. एक केस बाहेर नाही. मी ती मखमलीवर ठेवून साहेबापुढे केली.

"सुंदर," तो म्हणाला. "टायला लावावी अशी."

मी खूश झालो.

"मासा टाय घालत नाही," तो म्हणाला. "वडिलांची माशी बघितलीस तेव्हा तुला काय वाटलं?"

"माशी वाटली. म्हणूनच तर..."

"म्हणूनच तर मारलीस. ही कोणी मारेल का?"

हा माझ्या आयुष्यात मला मिळालेला सर्वांत कठोर आणि सर्वांत खरा शेरा आहे. मी इतकी स्वच्छ, सरळ आणि मापात बसणारी वस्तू केली होती की तिच्यावर पेपर उगारावा असं कुणालाही वाटलं नसतं.

शेवटच्या शुक्रवारी मी ड्रॉइंग भिंतीवरून काढून टाकलं. माशी बांधली, आणि मग बायकोची सात नंबरची सुई घेऊन अंगावरची लव टोकरून बाहेर काढली, इथून थोडी, तिथून थोडी, जरीच्या वेढ्यांमधून. माशी झोपेतून उठल्यासारखी दिसायला लागली. चहात सोडली तर लव श्वास घेतल्यासारखी उघडायची आणि मिटायची. तिला टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवून साहेब, चाचा आणि मी तिच्याकडे बघत बसलो. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने हातातल्या फडक्याने टेबलावर फटकारा मारला.

"माशी बसली होती," ती म्हणाली.

चाचा हसता हसता सोफ्यावरून घसरले. साहेबाने माझा हात हातात घेतला, त्या दोन ताठ बोटांसकट दाबला, आणि एवढंच म्हणाला, "हीच."

सांगतो, त्या दिवशी मला कुणी कुवेतचं अमीरपद देऊ केलं असतं तर मी म्हटलं असतं, थांबा जरा, आत्ता वेळ नाही.

फडक्याने माशीला काही झालं नव्हतं, पक्की बांधली होती. साहेब म्हणाला, रविवारी कामावर घेऊन ये, फक्त डोक्यावर वॉर्निशचा एक ठिपका दे. एक. मी मान हलवली. पण वडिलांच्या पेटीतलं वॉर्निश वाळून खडा झालं होतं, आणि मला वाटलं, इतक्या मेहनतीनंतर साधं वॉर्निश कशाला? शनिवारी मी कारखान्यातून चमचाभर इपॉक्सी आणलं, आमच्या ॲसिडच्या टाक्यांना आतून लावतात ते. एक ठिपका दिला. मग टिकाऊपणाच्या दृष्टीने आणखी एक. रविवारी साहेबाला काडेपेटीत घालून माशी दिली. तो घाईत होता, विमान संध्याकाळी होतं. त्याने झाकण किलकिलं केलं, हसला आणि पेटी शर्टाच्या खिशात टाकली.

त्याच आठवड्यापासून बायको घरभर सात नंबरची सुई शोधत होती. सोफ्याच्या गाद्या उलथ्यापालथ्या झाल्या. माझ्या बसण्यात येईल म्हणून मला महिनाभर स्टुलावर बसवलं.

जूनच्या मध्यावर साहेब परतला. पहिल्याच शुक्रवारी तो महबूल्याला आला. चाचा सुरमई तळून घेऊन आले होते आणि मला दूर, खिडकीपाशी, बटाट्याची भाजी घेऊन बसवलं होतं. साहेबाने खिशातून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

होडी. मागे राखाडी आभाळ आणि चहाच्या रंगाचं पाणी. साहेब गुडघ्यावर बसलेला, टोपी वडिलांची. दोन्ही हातांत मासा. हातभर लांब, चांदीसारखा. आणि माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, पण मला ती कुठेही ओळखू आली असती, माझी माशी.

"सामन," साहेब म्हणाला. "मी ट्राउटसाठी गेलो होतो. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, वडील नेहमी जिथे होडी थांबवायचे त्या खडकापाशी, हा आला. वीस मिनिटं खेळला. मग सोडून दिला." त्याने फोटोतल्या होडीवर बोट ठेवलं. "होडी दुसऱ्या दिवशी गेली."

मग चाचांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की बटाटा घशात अडकला. "साहेब! बामनानं मासा धरला! आनि तोबी राजा मासा!"

फोटो हातोहात फिरला. समोरच्या वहिनींना बोलावलं गेलं, त्यांच्या यजमानांना बोलावलं गेलं, चारही मराठी घरं गोळा झाली. मी प्रत्येकाला माशी दाखवत होतो, "इथे, ओठापाशी, हां, तीच." हळदीची गोष्ट सांगितली, चहाची सांगितली, आणि प्रत्येक वेळी सांगताना ती चूक थोडी थोडी युक्तीसारखी वाटायला लागली होती. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तर मी मुद्दामच केस चहात टाकले होते.

साहेबाने खिशातून काडेपेटी काढली. आत माझी माशी होती, चावलेली, विस्कटलेली, लव अर्धी गेलेली, आधीपेक्षाही सुंदर. आणि तिच्या शेजारी एक सुई.

"वहिनी," तो म्हणाला. हा एक शब्द चाचांनी त्याला शिकवला होता. "तुमची सुई. माशीबरोबर पेटीत आली होती. हिचे फार उपकार झाले."

"अगं बाई!" बायकोने झडप घालून सुई घेतली. "आणि मी मेली दीड महिना घर उपसतेय!"

मी मोठेपणाने हसलो. लव टोकरून काढली ती याच सुईने, उपकार त्याचेच असणार, नाही का. आजूबाजूला चार घरांची माणसं उभी होती, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, आणि अशा वेळी माणसाने तोंड मिटून बटाटा खावा. पण मी खुर्चीत जरा मागे रेलून साहेबाला विचारलं, "मग खरं सांग. तुझ्या वडिलांच्या माशीत आणि माझ्या माशीत काही फरक जाणवला?"

साहेबाने चष्मा काढला. पुसायला लागला.

"एकच," तो म्हणाला. "त्यांच्या माशीला दोरी ओवायला भोक असायचं. तुझं मी भर तळ्यात, त्या सुईने, पाऊण तास कोरत बसलो होतो, गाढवा."